अलिबागला दोन दिवस – पण उतरायचं कुठं?

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली, की घरात एकच सूर निघतो, ‘चला, समुद्रावर जाऊ!’ मुलांना वाळू हवी असते, घरधन्यांना ताजी मासळी हवी असते, सासूबाईंना पाण्यातल्या किल्ल्यावरच्या गणपतीचं दर्शन हवं असतं. आपल्याला काय हवं असतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि आपणही बोलून दाखवत नाही. आपल्याला हवा असतो सकाळचा आयता चहा, कुणीतरी वाढलेलं गरम जेवण, आणि दाराला नीट कडी लागणारी, स्वच्छ मोरी असलेली एक खोली. बस्स, एवढंच!

आता गंमत पाहा. नेमकी ती खोली ठरवायचं काम घरातल्या पुरुषमंडळींकडे किंवा कॉलेजातल्या चिरंजीवांकडे असतं. मोबाइलवर चार फोटो पाहायचे, सर्वांत स्वस्त दर शोधायचा, की झालं काम! मग तिथं पोचल्यावर पाणी मचूळ निघालं तर लेकीचे केस कोण धुणार? गाद्यांना कुबट वास आला तर रात्रभर कोण जागणार? जेवणाची सोय नसली तर भर उन्हात मुलांना घेऊन खाणावळ कोण शोधणार? म्हणून म्हणते, बाजारातली भाजी आपण निवडून घेतो ना, तशी उतरायची जागाही आपणच निवडावी. आणि स्वस्तातली जागा निवडायला तर जास्तच डोळस हवं. महाग हॉटेलात पैसा आपली काळजी घेतो, स्वस्त जागी आपली आपल्यालाच घ्यावी लागते.

उदाहरणाला अलिबागच घेऊ. मुंबई-पुणेकरांचं हे हक्काचं दोन दिवसांचं ठिकाण.

आधी गाव ओळखा

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्याचंच नाव कुलाबा होतं. मुंबईहून सडकेनं पनवेल, पेण, वडखळ करत सुमारे १०० किलोमीटर, तर पुण्याहून सुमारे १४५. मुंबईकरांना आणखी एक मौजेची वाट आहे, ती पाण्यातली. गेटवेवरून लाँच सुटते आणि तासाभरात मांडव्याला पोचवते. काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तेवढं तिकीट काढताना विचारून घ्या. स्वतःची गाडी न्यायची असेल तर २०२० सालच्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आहे. गाडीसकट माणसं बोटीत! पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, गेटवेच्या लाँचा बंद असतात हे मात्र विसरू नका.

एस.टी.नं जाणार असाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या वडीलधाऱ्यांना त्याआधीच, २०२२ साली, मोफत प्रवास मिळाला. सासूबाईंचं वयाचं ओळखपत्र पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा म्हणजे झालं.

‘अलिबागला उतरलो’ असं आपण म्हणतो खरं, पण उतरायची गावं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. खुद्द अलिबाग म्हणजे बाजारपेठ, एस.टी. स्टँड, कचेऱ्या, दवाखाने, औषधाची दुकानं. किल्ला समोर, कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच. लहान मूल किंवा औषधपाण्याचं माणूस बरोबर असेल तर इथंच राहावं. उत्तरेला अगदी लगत वरसोली. गावाजवळ आणि तरीही जरा निवांत. दक्षिणेला रेवदंड्याच्या रस्त्यावर आधी आक्षी, मग नागाव. इथं नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीतच बांधलेल्या राहायच्या खोल्या. आक्षीला तर आपल्या मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक सापडला आहे, शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात तो. मुलांना आवर्जून दाखवा. उत्तरेकडे आणखी पुढं थळ, किहीम, सासवणे. तिकडे श्रीमंतांचे बंगले बरेच, त्यामुळे स्वस्त जागा शोधावी लागते; पण शांतता हवी असेल आणि सासवण्याला शिल्पकार करमरकरांची शिल्पं पाहायची असतील, तर ते अंगही वाईट नाही.

माझं मत विचाराल तर, गाडी नसेल आणि एकच रात्र असेल, तर अलिबाग किंवा वरसोली. दोन रात्री असतील आणि मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्यायचं असेल, तर आक्षी-नागाव. रोज रिक्षाला किती जातात हा हिशेब धरल्याशिवाय लांबच्या स्वस्त खोलीला भुलू नका.

जागांचे चार प्रकार

पहिला प्रकार लॉज. हे बहुतेक स्टँड आणि बाजाराच्या आसपास. खोली मिळते, पाणी मिळतं, जेवण बाहेर. एकट्यादुकट्या कामाच्या माणसाला ठीक. कुटुंबानं जायचं असेल तर आधी पाहून घ्यावं की खालच्या मजल्यावर परमिट रूम तर नाही ना. रात्री जिन्यातून येणं-जाणं आपल्यालाच करायचं असतं.

दुसरा प्रकार घरगुती. घराच्या मागं किंवा वाडीत दोन-चार खोल्या बांधलेल्या असतात, घरातली बाई स्वयंपाक करते. रस्त्याकडेला ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशी पाटी दिसते तीच ही. ‘निवास व न्याहारी’ म्हणून सरकारी योजना आहे, तीत काही घरांची नोंदणी झालेली असते. नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. मात्र, नोंदणी नसलेलं घर वाईटच असतं असं नाही आणि असलेलं चांगलंच असतं असंही नाही. पण कुठं तक्रार करायची वेळ आली तर नोंदणीचा आधार राहतो.

तिसरा प्रकार कॉटेज किंवा छोटं रिसॉर्ट. पोहायचा हौद, संध्याकाळी मोठ्यानं गाणी. मुलं खूश. पण जोडून सुट्टी आली की याचे दर एकदम चढतात, आणि मोठ्या गटांचा धांगडधिंगा असेल तर झोपेचं खोबरं.

चौथा प्रकार हॉस्टेल किंवा डॉर्मिटरी, म्हणजे एका मोठ्या खोलीत ओळीनं पलंग आणि दर पलंगाचा. किनाऱ्यावरच्या गावांतून हल्ली तरुण मंडळींसाठी ही सोय होऊ लागली आहे. ‘शी, तिथं काय आपण राहायचं?’ असं एकदम म्हणू नका हं! भिशीच्या किंवा महिला मंडळाच्या आठ-दहा जणी मिळून जाणार असाल, तर अख्खी डॉर्मिटरीच घ्यावी. रात्रभर गप्पा होतात आणि माणशी खर्चही कमी पडतो. फक्त तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: हॉल निव्वळ बायकांचा असावा, त्याला लागून स्वतंत्र संडास-मोरी असावी, आणि प्रत्येकीला कुलूप लावायचं कपाट असावं. चारजणीच असाल आणि बाकीचे पलंग कुणाला जातील हे मालक सांगू शकत नसेल, तर तिथं जाऊ नका.

खरा दर कसा काढायचा

पाटीवरचा दर आणि खिशातून जाणारा दर यांत फरक असतो. आपण वाणसामानाचा हिशेब मांडतो, तसा कागद-पेन्सिल घेऊन मांडा. खालचे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत; तुमच्या वेळचे दर घाला.

समजा, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, एक रात्र. स्टँडजवळची खोली १,४०० रुपये. चौथ्या माणसासाठी जादा गादी ३०० रुपये. बाहेर दोन वेळचं जेवण, मोठ्यांना माशाचं ताट ३०० चं आणि मुलांना २०० चं, म्हणजे एका वेळेला १,००० आणि दोन वेळचे २,०००. चहा-नाश्ता ४००. समुद्रावर जायची-यायची रिक्षा ३००. बेरीज झाली ४,४०० रुपये.

आता वाडीतली घरगुती जागा, माणशी १,२०० रुपये. ‘बाई गं, केवढं महाग!’ असं वाटतं. पण त्यात दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी आली. मुलांना अर्धा आकार. म्हणजे मोठ्यांचे २,४०० आणि मुलांचे १,२००, एकूण ३,६००. समुद्र वाडीच्या टोकाला, रिक्षा नको. आता सांगा, स्वस्त कोणतं?

दर वेळी घरगुतीच स्वस्त पडेल असं नाही. तुमच्या घरी सगळे शाकाहारी असतील आणि एका मिसळीवर भागत असेल, तर लॉजचा हिशेब कमी येईल. पण मांडल्याशिवाय कळत नाही, एवढंच माझं सांगणं.

या हिशेबात एक रकाना मात्र आपणच भरायचा असतो, तो आपल्या कष्टांचा. ‘स्वयंपाकघर वापरायला मिळेल’ अशी जाहिरात वाचून घरातले हुरळतात. ‘मासळी बाजारातून आणू, तू मस्त कालवण कर, किती वाचतील!’ वाचतील खरे, पण मग आपली सुट्टी कुठं गेली? परक्या ओट्यावर, परक्या बोथट सुरीनं सुरमई कापत बसायचं, मंडळी वाळूत किल्ले बांधणार, आणि संध्याकाळी ‘समुद्र किती छान होता’ हे आपण ऐकायचं! तान्ह्या बाळाचं दूध तापवायला, खिमट शिजवायला शेगडी असावी, जरूर असावी. पण चार माणसांचा स्वयंपाक करायला इतक्या लांब जायची गरज नाही. हे घरात हसत हसत, पण निघायच्या आधीच सांगून टाका.

दिवसांचाही विचार करा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग. नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या याहून महाग. रविवारच्या रात्री गर्दी ओसरते. कुणाला सोमवारची रजा मिळत असेल तर रविवारी जाऊन सोमवारी परतावं. तीच खोली कमी दरात मिळण्याचा संभव असतो आणि किनाराही मोकळा.

फोनवर काय विचाराल?

फोन स्वतः करा. शक्यतो घरच्या बाईशीच बोलायला मागा. बाईमाणूस बाईमाणसाशी खरं बोलतं, असा माझा अनुभव आहे. ही यादी फोनजवळ ठेवा:

दर खोलीचा की माणशी? मुलांना कितव्या वर्षापर्यंत आकार नाही आणि अर्धा कितव्यापर्यंत?

खोलीचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो? दुपारी १२ ला ताबा आणि सकाळी १० ला सोडा, असं असेल तर २२ तासच मिळाले. लवकर पोचलात तर सामान ठेवून हातपाय धुवायची सोय आहे का?

संडास खोलीला जोडून आहे की वाडीत? कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला याच एका गोष्टीवर सहल सुखाची किंवा दुःखाची होते.

अंघोळीचं पाणी गोडं की मचूळ? समुद्राजवळच्या कित्येक विहिरी-बोअरचं पाणी खारवट असतं. साबणाला फेस येत नाही, केसांच्या जटा होतात. प्यायचं पाणी वेगळं आहे ना?

गरम पाणी कशावर? याबद्दल पुढं सविस्तर लिहिते.

वीज गेली तर पंखा-दिवा चालतो का? मच्छरदाणी मिळते का? वाडीत पाणथळ असते, डास असायचेच.

आगाऊ पैसे किती? न गेल्यास परत किती? पावती मिळेल का?

आगाऊ पैशांबद्दल जरा सावध राहा. दुसऱ्याच्याच घराचे सुंदर फोटो दाखवून मोबाइलवर पैसे घ्यायचे आणि मग फोन बंद, असे प्रकार सुट्टीच्या हंगामात ठिकठिकाणी घडतात. अलिबागचा बंगला अर्ध्या दरात मिळतोय म्हटलं की समजावं, काहीतरी गोम आहे. पैसे पाठवताना समोर दिसणारं नाव मालकाचंच आहे का पाहा. मोबाइलवर चालता-बोलता घर दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्याचा राग येत नाही. आणि सगळे पैसे आधी कधीच देऊ नका.

खोलीत पाऊल टाकल्यावर

सामान उतरवायच्या आधी एकटीनं आत जाऊन या. पाच मिनिटं लागतात.

दाराची कडी आतून लावून बघा. खिडक्या बंद होतात का? शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर त्याची कडी आपल्या बाजूला आहे ना? मोरीच्या झडपेची काच शाबूत आहे ना? मागं एकदा एका लॉजवर आम्हांला ‘समुद्राकडची खोली’ म्हणून जी दिली, तिच्या मोरीच्या झडपेला काचच नव्हती आणि पलीकडे सार्वजनिक गच्ची. व्यवस्थापक म्हणाला, ‘ताई, तिकडे कुणी जात नाही.’ मी म्हटलं, ‘मग तुमच्या घरच्यांना इथं अंघोळ करायला सांगाल का?’ तो ओशाळला आणि दुसरी खोली उघडून दिली. भांडावं लागत नाही हो, फक्त शांतपणे अडून राहावं लागतं.

गादीवरची चादर उचलून कोपरे पाहा, ढेकूण शिवणीत असतात. एक चादर आणि उशीचे अभ्रे घरूनच न्यावेत, ओझं काही फार होत नाही. झाकणाची कचऱ्याची बादली मोरीत आहे का पाहा, नसली तर मागून घ्या. पाळीच्या दिवसांत सहल आली तर तेवढ्यासाठी कुचंबणा नको.

आता त्या गरम पाण्याबद्दल. चुलीवरचा किंवा अंगणातला बंब असेल तर उत्तम. सौर किंवा विजेवरचा असेल तरी ठीक, फक्त विजेच्या बंबाचं बटण बंद करूनच अंघोळीला बसा. पण मोरीच्या आतच गॅसचा गीझर असेल आणि वाऱ्याला वाट नसेल, तर तिथं अंघोळ करू नका आणि मुलांना तर मुळीच पाठवू नका. बंद जागेत गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला गुंगी येते आणि दार उघडायचंही भान राहत नाही. अशानं धडधाकट माणसं दगावली आहेत. गीझर बाहेर भिंतीवर हवा, नाहीतर बादलीभर पाणी बाहेरून आणून घ्या. इथं भीड बाळगू नका.

खोलीइतकीच तिथी महत्त्वाची

अलिबागला जाऊन कुलाबा किल्ला न पाहता परत आलेली कितीतरी कुटुंबं मला माहीत आहेत. कारण काय, तर ‘भरती होती’. शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० साली, या किल्ल्याचं काम सुरू झालं, आणि पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. चहूबाजूंनी समुद्र, पण आत गोड्या पाण्याची विहीर. गणपतीचं देऊळ तर इतकं प्रसन्न, की सासूबाई तिथून हलायच्या नाहीत. ओहोटीला तिथं पायी किंवा घोडागाडीनं जाता येतं.

ही ओहोटी कधी, हे ओळखायची कोकणातली एक जुनी रीत आहे आणि ती आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर जमते. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास मागंपुढं ओहोटी, म्हणजे नऊच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन मोजायचं. हा झाला अंदाज. नक्की वेळ घरमालकाला किंवा घोडागाडीवाल्याला विचारा, ते चुकत नाहीत.

शनिवार-रविवार तृतीया ते पंचमीच्या आसपास आला, की सकाळी आठ ते दहाच्या सुमारास ओहोटी मिळते. न्याहारी करून निघावं, ऊन चढायच्या आत परत. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. त्या दिवशी पायी जायचा हट्ट नको. आणि पाणी वळायच्या आत परत यायचं, फोटोसाठी रेंगाळायचं नाही.

मुलांना पाण्यात सोडतानाही हेच. ओहोटीला पाणी ओढ घेतं, किनारा कितीही सपाट दिसला तरी. खोली निवडताना समुद्र ‘समोरच’ असणं म्हणून मला फारसं पटत नाही. वाडीच्या टोकाला फाटक असावं, आणि ते मोठ्यांनीच उघडावं.

मासळी, पोपटी आणि घरची बाई

घरगुती ठिकाणी जेवण सांगायची एक रीत असते. किती माणसं, कोण शाकाहारी, कोणता मासा, हे सकाळीच सांगावं. ताटातला तुकडा सुरमईचा, पापलेटचा की बांगड्याचा, यावर दर बदलतो, तो आधी विचारावा म्हणजे बिलाच्या वेळी तोंडं पडत नाहीत. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा ‘ताजी सुरमईच हवी’ म्हणून अडून बसू नये. सुकट-जवळा, खाडीचा मासा किंवा वालाचं बिरडं मागावं. बरोबर तांदळाची भाकरी. हिवाळ्यात गेलात तर पोपटी चुकवू नका. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी हे सगळं भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भरून, मडकं उलटं घालून भोवती जाळ करतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं, आयत्या वेळी होत नाही.

आणि आता जरा मनातलं. आपण ज्या वाडीत उतरतो, तिथल्या बाईलाही घर आहे, मुलं आहेत, सासूसासरे आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या झोपल्या. पोफळ नव्यानं लावली तर हाती सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात. अशा वेळी वाडीतल्या दोन खोल्या आणि घरातल्या बाईच्या हातची चव, हाच आधार. आपण एक दिवस आयतं जेवतो ते तिच्या चुलीपाशी उभं राहण्यामुळं. म्हणून घासाघीस करायची ती फोनवर, आधी. खोली भरलेली नसेल, आडवार असेल, तर दर कमी मागायला काहीच हरकत नाही. पण जेवण झाल्यावर, हात धुऊन, ‘भाकऱ्या जरा जाडच होत्या, दोनशे कमी करा’ हे आपल्याला शोभत नाही. रात्री ११ ला पोचून गरम जेवण मागणं, दहा माणसं सांगून चौदा नेणं, हेही नको. आपल्या घरी असे पाहुणे आले तर आपण काय म्हणू, ते आठवावं.

उलट, निघताना तिच्या हातचं कोकम, आमसुलं, कुळीथपीठ, वाल घ्यावेत. उन्हाळ्याच्या तोंडी अलिबागचा पांढरा कांदा निघतो. भौगोलिक मानांकन मिळालेला, चवीला गोडसर. कार्ले-खंडाळ्याच्या बाजूनं येताना रस्त्याकडेला बायका त्याच्या वेण्या घेऊन बसलेल्या दिसतात. दोन माळा घ्या, एक शेजारणीला. आणि जागा चांगली वाटली तर घरच्या बाईचा नंबर वहीत तिच्याच नावानं लिहून ठेवा. पुढच्या वेळी मध्ये कुणी दलाल नको, थेट तिलाच फोन. ओळखीच्या माणसाला ती खोलीही चांगली देईल आणि माशाचा तुकडाही.

मैत्रिणींनो, दोन दिवसांत काही जग पाहून होत नाही. पण सहलीहून परतल्यावर घरातल्या इतरांचे चेहरे ताजे आणि आपला तेवढा दमलेला, असं होऊ नये. पुढच्या जोडसुट्टीचा विषय घरात निघेल तेव्हा कॅलेंडर आणि कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीच बसा. तिथी बघा, हिशेब मांडा, फोन लावा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, की त्या दोन दिवसांत ‘चहा झाला का?’ हे तुम्ही विचारणार आहात!